नाशिकची सहकुटुंब यात्रा: रोज एकच चढ

नाशिकला सहकुटुंब यात्रेला येणाऱ्यांची पहिली चूक बहुधा घरी, कागद घेऊन बसल्यावरच होते. पंचवटी शहरातच आहे, पांडवलेणी महामार्गाला लागून आहेत, त्र्यंबकेश्वर तीस किलोमीटरच्या आत आहे आणि वणीचा सप्तशृंगी गड साठ-पासष्ट किलोमीटरांवर आहे. तेव्हा गाडी हाताशी असली की दोन दिवसांत सगळे आटोपेल, असा हिशेब मांडला जातो. या हिशेबात अंतरे धरलेली असतात, पायऱ्या आणि रांगा मात्र धरलेल्या नसतात. नाशिकची तीर्थे एक तर नदीकाठी आहेत किंवा डोंगरावर, आणि डोंगरावरच्या तीर्थाला जाऊन आलेले साठीचे माणूस त्याच दिवशी पुन्हा तीन तास रांगेत उभे राहू शकत नाही.

हे मी अनुभवाने शिकलो. मुलीच्या लग्नानंतर पहिल्या दिवाळीला तिच्या सासरची मंडळी आमच्याकडे आली होती. यजमानपणाच्या उत्साहात मी एकाच दिवशी सकाळी सप्तशृंगीचा गड आणि दुपारनंतर त्र्यंबकेश्वर असा बेत केला. गड शहराच्या उत्तरेला, त्र्यंबक पश्चिमेला. मधले जेवण घाईत उरकले. आम्ही त्र्यंबकला पोहोचलो तेव्हा दिवस मावळला होता, विहीणबाईंचे गुडघे बोलू लागले होते, नातू खांद्यावर झोपला होता आणि रांग मंडपाच्या बाहेर लांबवर गेली होती. शेवटी कळसाला हात जोडून परत फिरलो. तेव्हापासून आमच्या घराने पाहुण्यांसाठी एक नियम केला आहे: एका दिवशी एकच चढ आणि एकच मोठी रांग. पुढचा सगळा आराखडा या नियमावर उभा आहे.

त्यात दोन परंपरांची ठिकाणे आहेत, कारण आमच्या घरात त्या दोन्ही आहेत. माझे व्याही नागपूरचे, बौद्ध. त्यांच्या मनात नाशिक म्हणजे त्रिरश्मी लेणी (म्हणजेच पांडवलेणी), काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणि धर्मांतराच्या घोषणेची येवल्याची मुक्तिभूमी. आमच्या मनात त्र्यंबकराज आणि गडावरची आई. ही सगळी ठिकाणे एकाच जिल्ह्यात असल्याने चार दिवसांची आणि परतीच्या वाटेची एकच यात्रा दोघांनाही पुरते.

निघण्यापूर्वी ठरवायच्या गोष्टी

सर्वांत आधी घरातल्या प्रत्येकाला दोन प्रश्न विचारावेत. पहिला, दोनशे पायऱ्या न थांबता चढता येतील का; आणि दुसरा, एखादा विधी करायचा आहे की केवळ दर्शन घ्यायचे आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा निघण्याच्या आदल्या रात्री मिळते. आजींच्या मनात आजोबांचे श्राद्ध गोदाकाठच्या रामकुंडावर करायचे असते किंवा कोणाला नारायण-नागबली हा पितरांच्या शांतीचा विधी करायचा असतो, आणि तोवर सगळी आरक्षणे झालेली असतात. नारायण-नागबलीला तीन दिवस लागतात आणि तेवढे दिवस त्र्यंबकमध्येच राहावे लागते. त्यामुळे तो विधी करणाऱ्यांनी या लेखातल्या आराखड्याच्या आधी किंवा नंतर वेगळे दिवस काढावेत. दोन्हींची सरमिसळ करू नये.

काळ निवडताना नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत सोयीचे पडतात. त्या दिवसांत नाशिकची पहाट चांगलीच गारठलेली असते, म्हणून ज्येष्ठांसाठी शाल आणि कानटोपी असू द्यावी. पावसाळ्यात त्र्यंबकचा परिसर अतिशय देखणा होतो, परंतु गंगापूर धरणातून पाणी सोडले की रामकुंडाचा परिसर पाण्याखाली जातो. गोदेचा पूर किती मोठा, हे नाशिककर आजही आकड्यांपेक्षा रामकुंडाजवळ पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीवरूनच सांगतात: पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, की गळ्याशी आले. पाणी मारुतीच्या पायांशी आल्याचे ऐकले तर त्या दिवशी स्नानाचा विचार सोडावा.

श्रावणी सोमवारी, त्यातही तिसऱ्या सोमवारी, त्र्यंबकला ब्रह्मगिरी डोंगराच्या फेरीसाठी लोटणारी गर्दी अनुभवायची नसेल तर ते दिवस टाळावेत. गडावर चैत्रोत्सव आणि नवरात्र, तर त्र्यंबकला पौष वद्य एकादशीची निवृत्तिनाथांची यात्रा, हेही गर्दीचे काळ आहेत. शिवाय ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी सिंहस्थ कुंभमेळ्याचे ध्वजारोहण आहे आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुख्य स्नाने आहेत. सिंहस्थ पाहणे हा ज्यांचा हेतू आहे त्यांनी जरूर यावे. पण लहान मुले आणि वृद्ध यांना घेऊन प्रथमच येणाऱ्या कुटुंबाने त्या स्नानांच्या आगेमागेचे आठवडे टाळलेले बरे.

मुंबईकरांना सकाळची तपोवन एक्स्प्रेस सोयीची आहे, पुणेकरांना एसटी. रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की स्थानकाचे नाव नाशिक रोड आहे आणि ते पंचवटीपासून नऊ-दहा किलोमीटर दूर आहे. मुक्काम शक्यतो पंचवटीत किंवा जुन्या नाशकात, नदीपासून पायी जाता येईल अशा ठिकाणी करावा. महामार्गावरची हॉटेले ऐसपैस असतात, परंतु पहाटे उठून नदीवर जाण्याची मौज तेथे मिळत नाही आणि प्रत्येक वेळी वाहन काढावे लागते. शहरात आणि त्र्यंबकपर्यंत सिटीलिंकच्या बस धावतात. मात्र गड आणि येवला यांसाठी सहा-सात जणांच्या कुटुंबाने दिवसभराची गाडी ठरवणे श्रेयस्कर आहे. गाडी ठरवतानाच प्रतीक्षेचा वेळ, घाटाचे आणि पार्किंगचे पैसे धरून रक्कम बोलून घ्यावी.

पादत्राणे अशी घ्यावीत की जी वाकल्याशिवाय काढता-घालता येतील. दिवसातून आठ-दहा वेळा ती काढावी लागतात. मार्चनंतर येणार असाल तर जाड पायमोजे घ्यावेत, कारण दुपारी काळ्या दगडाच्या फरशीवर अनवाणी उभे राहणे मुलांना सोसत नाही.

पहिला दिवस: पंचवटी, पायी

पहिल्या दिवशी चढ नको. दुपारपर्यंत पोहोचून, विश्रांती घेऊन, चारच्या सुमारास बाहेर पडावे. पंचवटीतली मुख्य ठिकाणे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत आणि गल्ल्या अरुंद असल्याने तेथे वाहनाचा उपयोग कमी, मनस्तापच जास्त. सुरुवात काळाराम मंदिरापासून करून उताराने नदीकडे यावे, म्हणजे गोदाआरतीच्या वेळी आपण आपोआप रामकुंडावर असतो.

काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकर यांनी बांधले. त्याचा काळा दगड रामशेजच्या डोंगरातून आणला, असे सांगतात. राम, सीता आणि लक्ष्मण यांच्या मूर्तीही काळ्याच आहेत. प्रांगण मोठे आहे, भोवती ओवऱ्या आहेत आणि थकलेल्यांना निवांत बसता येते. मात्र मुलांना या मंदिराचे एवढेच सांगून पुढे नेऊ नये. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष या मंदिराच्या दारांशी आले आणि दारे त्यांच्यासाठी बंद ठेवण्यात आली. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा सत्याग्रह पुढे काही वर्षे चालू ठेवला. आज मंदिर सर्वांना खुले आहे. आमचे व्याही पहिल्यांदा आले तेव्हा बराच वेळ दरवाजाबाहेर उभे राहिले आणि आत आले नाहीत. आम्ही दर्शन घेऊन आलो तोवर ते नातवाला ती हकिकत सांगत होते. अशा वेळी कोणीही कोणाला आग्रह करू नये. ज्याला आत जायचे आहे त्याने जावे, ज्याला दाराशीच थांबायचे आहे त्याने थांबावे, आणि दोघांना पुरेल एवढा वेळ हाताशी ठेवावा.

जवळच सीतागुंफा आहे, तिच्या परिसरात वडाची जुनी झाडे आहेत आणि पंचवटी हे नाव पाच वडांवरूनच पडले असे मानतात. गुंफेची वाट बुटकी आणि अरुंद आहे. बसत-सरकत जावे लागते. दम्याचा त्रास असलेल्यांनी, अंगाने स्थूल असणाऱ्यांनी आणि बंद जागेत घाबरणाऱ्यांनी बाहेरच थांबावे. एकदा आत शिरल्यावर मागच्या रांगेमुळे परत फिरता येत नाही.

तेथून उतरताना कपालेश्वर लागतो. या शिवमंदिरात नंदी नाही. ब्रह्महत्येच्या पातकातून सुटण्याचा मार्ग नंदीने दाखवला म्हणून शंकरांनी त्याला गुरू मानले आणि आपल्यासमोर बसू दिले नाही, अशी त्यामागची कथा आहे. मुलांना ही कथा नेहमी आवडते, कारण तीत थोरले धाकट्याला गुरू मानतात.

रामकुंडावर सायंकाळी आरती असते. अर्धा तास आधी पोहोचून पायऱ्यांवर जागा धरावी आणि मुलांचा हात सोडू नये, कारण पाण्याजवळच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात. काठावरचे गंगा-गोदावरी मंदिर बारा वर्षांतून एकदा, सिंहस्थातच उघडते. ते बंद दिसले म्हणून चौकशी करत फिरू नये.

ज्यांना अस्थिविसर्जन किंवा श्राद्ध करायचे आहे त्यांनी ते दुसऱ्या दिवशी पहाटे करावे आणि त्या दिवशी बाकी काही ठेवू नये. येथे नवख्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. नाशिक आणि त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या नामावळीच्या वह्या असतात. आपले मूळ गाव, आडनाव, गोत्र आणि शक्य तर पणजोबांपर्यंतची नावे घरच्या वडीलधाऱ्यांकडून लिहून आणावीत. रामकुंडावर गाव सांगितले की त्या गावाचे उपाध्याय कोण, हे तेथील कोणीही सांगते. ते वही काढतात आणि कित्येकदा पन्नास-साठ वर्षांपूर्वी आलेल्या आजोबांची नोंद, प्रसंगी त्यांच्या सहीसह, समोर येते. माझ्या एका मावसभावाला आपल्या आजीचे माहेरचे नाव अशा वहीतच प्रथम कळले. शेवटी आपणही आपली, मुलांची आणि सुनांची नावे तेथे नोंदवावीत. दक्षिणेबद्दल संकोच न करता विधीच्या आधीच स्पष्ट बोलावे, आणि वाटेत अडवून 'स्वस्तात करून देतो' म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नये.

दुसरा दिवस: त्रिरश्मी

ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात त्या लेण्यांचा पांडवांशी काही संबंध नाही. पूर्वी आसपासचे लोक तेथील मूर्तींना धर्मराज, भीम अशी नावे देत, त्यावरून हे नाव रूढ झाले. शिलालेखांत या डोंगराचे नाव त्रिरश्मी असे आहे आणि बौद्ध मंडळी तेच वापरतात. शहराच्या मध्यापासून लेणी साधारण आठ किलोमीटरांवर, मुंबईच्या महामार्गालगत आहेत. पायथ्यापासून सुमारे दोनशे पायऱ्या आहेत. सावकाश चढणाऱ्याला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो. सकाळी उघडताच पोहोचावे, म्हणजे चढ सावलीत होतो. लेणी पुरातत्त्व विभागाच्या ताब्यात असून नाममात्र तिकीट आहे आणि पंधरा वर्षांखालील मुलांना ते लागत नाही. पाणी खालूनच घेऊन जावे.

ज्यांना चढणे शक्य नाही त्यांची पायथ्याशी उत्तम सोय आहे. तेथे बुद्ध स्मारक आहे, आत बुद्धांची भव्य सोनेरी मूर्ती आहे आणि घुमटाखाली शांत बसता येते. श्रीलंकेतील अनुराधापूरच्या महाबोधिवृक्षाची फांदी २०२३ मध्ये याच परिसरात लावण्यात आली. आमच्या विहीणबाई दर खेपेला तेथेच बसून त्रिशरण-पंचशील म्हणतात आणि आम्ही वर जाऊन येतो. स्मारकाशेजारी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आणि बाग आहे. उतरल्यावर मुलांना तेथे मोकळे सोडावे.

वर चोवीस लेणी आहेत. सगळी सारख्याच उत्सुकतेने पाहू गेल्यास सातव्या-आठव्या लेण्यानंतर मुले कंटाळतात. माझ्या मते चारच नीट पाहावीत: तीन, दहा, अठरा आणि एकोणीस. लेण्यांवर क्रमांक आहेत.

एकोणिसावे लेणे लहान आहे आणि येथल्या सर्वांत जुन्यांपैकी आहे. सातवाहन कुळातील कन्ह म्हणजे कृष्ण राजाच्या काळात नाशिकच्या श्रमण महामात्राने, म्हणजे भिक्षूंची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याने, ते कोरवले, असे त्यातला ब्राह्मी लेख सांगतो. लेखात 'नासिक' हे नाव आहे. शूर्पणखेचे नाक कापले म्हणून नाशिक, ही कथा तपोवनात प्रत्येक मार्गदर्शक सांगतो आणि ती सांगावीही. पण दोन हजार वर्षांपूर्वी गावाचे नाव हेच होते, हे मुलांना दगडावर दाखवता येते, याचे मोल वेगळे आहे. अठरावे लेणे हे येथले एकमेव चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनागृह. आत स्तूप आहे, कमानदार दर्शनी भाग आहे, आणि दारावरच्या लेखात धंभिक गावच्या दानाची नोंद आहे. म्हणजे हे काम एकट्या राजाचे नव्हते. गावानेही आपला वाटा उचलला होता.

तिसरे लेणे सर्वांत मोठ्या विहारांपैकी, म्हणजे भिक्षूंच्या निवासांपैकी, एक. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने ते भिक्षुसंघाला दिले. लेखात ती आपल्या मुलाचे वर्णन करते: त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले होते, त्याने शक, यवन आणि पल्हव यांचा बीमोड केला, आणि तो 'एकब्राह्मण', म्हणजे अद्वितीय ब्राह्मण, होता. स्वतःच्या मुलाला ब्राह्मण म्हणून गौरवणारी राणी बौद्ध भिक्षूंना विहार देते, तेही एकाच लेखात. दोन धर्मांच्या यात्रा एकत्र कशा करायच्या, असे ज्यांना वाटते त्यांना मी या लेखासमोर उभे करतो.

दहाव्या लेण्यात तर याहून तपशील आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ते दिले. त्याच्या लेखात तीन लाख गाई, देव आणि ब्राह्मण यांना दिलेली सोळा गावे आणि वर्षाला एक लाख ब्राह्मणांना भोजन यांचा उल्लेख येतो, आणि मग तोच उषवदात त्रिरश्मी डोंगरात भिक्षूंसाठी लेणे कोरवल्याचे सांगतो. दुसऱ्या लेखात त्याने ठेवीचा हिशेब दिला आहे: गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, दोन हजार कार्षापण (त्या काळची नाणी), दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार, शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळ्यात मुक्काम करणाऱ्या, वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, मिळायचे. सहावी-सातवीतल्या मुलाला हे गणित तेथेच घालावे. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा तेवढेच. उत्तर जुळले की मुलाला त्या अक्षरांत काहीतरी दिसू लागते.

लेण्यांत वागण्याचे काही नियम आहेत. आत मेणबत्ती किंवा उदबत्ती लावू नये, काजळीने कोरीवकाम काळवंडते. मूर्तींना हळद-कुंकू, शेंदूर किंवा तेल लावू नये, नारळ फोडू नये. वंदना म्हणणारा समूह असेल तर त्यांचे आटोपेपर्यंत दाराशी थांबावे आणि वंदना चालू असताना छायाचित्रे काढू नयेत. काही लेण्यांत नंतरच्या काळातल्या मूर्ती आहेत, अकराव्यात जैन मूर्तीही आहेत. प्रत्येक मूर्तीला देवाचे नाव देण्याची घाई करू नये. बुद्धपौर्णिमेला आणि १४ एप्रिलला येथे मोठी वर्दळ असते. त्या दिवशी पांढरी वस्त्रे नेसून आलेल्या कुटुंबांबरोबर चढणे हा वेगळाच अनुभव आहे, मात्र लेख वाचायला त्या दिवशी निवांतपणा मिळत नाही.

दुपारी मुक्कामावर परत येऊन जेवण आणि झोप. संध्याकाळी ज्यांची इच्छा असेल त्यांनी तपोवनात कपिला-गोदावरी संगम पाहावा. चढ सकाळीच झालेला आहे, आता दुसरा नको.

तिसरा दिवस: त्र्यंबकेश्वर

पहाटे निघून सातच्या आत मंदिरात पोहोचणे हा त्र्यंबकचा एकमेव खात्रीचा उपाय आहे. सशुल्क दर्शनाची सोय आहे आणि ज्येष्ठ सोबत असतील तर ती घेण्यात कमीपणा मानू नये. गर्दीच्या दिवशी मात्र तीही रांग वाढते. सोमवार टाळता आला तर टाळावा. सोमवारी देवाची पालखी कुशावर्त कुंडावर जाते, ती पाहायची असेल तर गर्दी गृहीत धरूनच यावे.

आजचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतले. येथे इतर ज्योतिर्लिंगांसारखी वर आलेली पिंड नाही. खोलगट जागेत अंगठ्याएवढी तीन लिंगे आहेत, ब्रह्मा, विष्णू आणि महेश यांची. हे आधी सांगून ठेवावे, नाहीतर गाभाऱ्यासमोर मिळणारे चार-पाच क्षण 'पिंड कुठे आहे' हे शोधण्यातच जातात. सर्वसाधारण भाविकांना गाभाऱ्याबाहेरूनच दर्शन होते. वर लावलेल्या आरशाकडे पाहावे, लिंगे त्यात स्पष्ट दिसतात. मोबाइल आत नेता येत नाही, तेव्हा हरवल्यास भेटण्याची जागा आधीच ठरवावी.

दर्शनानंतर कुशावर्त आणि तेथून जवळच निवृत्तिनाथांची समाधी. ज्ञानेश्वर माउलींच्या या थोरल्या बंधूची आणि गुरूची समाधी पाहण्यास बाहेरगावची कित्येक मंडळी विसरतात. घाईत असलात तरी ती चुकवू नये. एरवी तेथे गर्दी नसते आणि टाळ-मृदंगाचा नाद असला तर बसूनच राहावेसे वाटते.

आजचा चढ ऐच्छिक आहे. ब्रह्मगिरीच्या डोंगरातल्या गंगाद्वाराला सुमारे ७५० पायऱ्या आहेत. तरुणांनी वर जाऊन यावे आणि ज्येष्ठांनी गावात थांबावे. ब्रह्मगिरीचा माथा हा पूर्ण वेगळा दिवस आहे. परतीच्या वाटेवरचे अंजनेरी हे हनुमंताचे जन्मस्थान मानतात, परंतु तोही गड आहे आणि 'जाता जाता' होण्यासारखा नाही. येथे मोह आवरावा.

विधी करायचा असेल तर त्र्यंबकच्या अधिकृत पुरोहितांकडेच जावे. त्यांच्याकडे पिढीजात अधिकाराचे ताम्रपत्र असते. ते दाखवण्याची विनंती केली तर कोणी खरा पुरोहित रागावत नाही.

चौथा दिवस: सप्तशृंगीचा गड

नाशिकहून दिंडोरी-वणीमार्गे नांदुरीला पोहोचावे आणि तेथून घाटाने गडावरच्या गावात. घाटात गाडी लागणाऱ्यांनी सकाळी हलका आहार घ्यावा. गावापासून देवीच्या मंदिरापर्यंत सुमारे पाचशे पायऱ्या आहेत. २०१८ पासून फनिक्युलर ट्रॉली, म्हणजे चढावर रुळांवरून ओढली जाणारी गाडी, सुरू झाल्याने आता ज्येष्ठांनाही वर जाता येते. ज्यांचा पायऱ्यांचा नवस आहे त्यांनी पायऱ्यांनी जावे आणि ट्रॉलीने आलेल्यांशी वर भेटण्याची जागा ठरवावी. नवरात्रात आणि चैत्रोत्सवात खासगी वाहने नांदुरीलाच थांबवतात आणि पुढे एसटीने जावे लागते. त्या दिवसांत सोबतचे सामान अगदी कमी ठेवावे.

साडेतीन शक्तिपीठांपैकी हे अर्धे पीठ. देवीची शेंदरी मूर्ती डोंगराच्या कपारीत आहे, तिला अठरा हात आहेत आणि मान किंचित कललेली आहे. समोरच्या मार्कंडेय डोंगरावरून ऋषी जे पुराण सांगत ते ती ऐकते आहे, असे म्हणतात. दर्शनानंतर मागे वळून तो डोंगर पाहावा, म्हणजे कथेचा अर्थ लागतो. गडावर ट्रस्टचे प्रसादालय आहे. माकडांपासून प्रसादाच्या पिशव्या सांभाळाव्यात. दुपारी तीनपर्यंत उतरायला लागल्यास अंधार पडण्यापूर्वी नाशिक गाठता येते.

परतीची वाट: येवला, आणि पुढे

पाचवा दिवस परतीचा. मराठवाडा किंवा विदर्भाकडे जाणाऱ्यांनी येवल्यावरून जावे. नाशिकपासून ते साधारण ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येथल्या परिषदेत बाबासाहेबांनी हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली आणि २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आमच्या व्याह्यांचे आजोबा त्या दीक्षेला हजर होते. पंचवटीतली बंद दारे आणि येवल्याची घोषणा यांत पाच वर्षांचे अंतर आहे, आणि दोन्ही ठिकाणे एकाच यात्रेत पाहिली की ते अंतर मुलांनाही समजते. मुक्तिभूमी स्मारकासाठी तासभर पुरतो. तेथून बाहेर पडल्यावर घरातल्या स्त्रिया पैठणीच्या मागांकडे वळणारच, त्यासाठी आणखी दोन तास आधीच धरावेत. आम्ही कधीच धरत नाही आणि दर वेळी गाडीवाल्याची बोलणी खातो.

ज्यांच्याकडे आणखी एक दिवस आहे त्यांनी येवल्याहून पुढे वेरूळ गाठावे. तेथील ३४ लेण्यांपैकी १२ बौद्ध, १७ हिंदू आणि ५ जैन आहेत आणि घृष्णेश्वराचे ज्योतिर्लिंग अगदी जवळ आहे. मात्र वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी, म्हणून यात्रेचा पहिला वार कोणता धरायचा, हे शेवटच्या दिवसापासून उलटे मोजत यावे.